खोक्यातला भंडारा

बिरू कोळेकराच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला धड खुर्ची नव्हती. बारामतीत भिगवण रस्त्याला दहा बाय बाराचा गाळा, वर 'भीमा साउंड' अशी पाटी, आणि आत भिंतीला टेकून उभी केलेली, पोट उघडं पडलेली स्पीकरची खोकी. गिऱ्हाईक उभं राहायचं आणि बिरू खाली मांडी घालून बसायचा. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची त्याला सवय नव्हती; मान खाली घालून तो नुसता ऐकायचा. "टेप बिघडलाय" एवढं सांगून माणूस गप्प झाला की हा म्हणायचा, "आवाज घसरतोय का फाटतोय, ते सांगा." निम्म्या लोकांना त्यातला फरक कळत नसे. बिरूला तो झोपेतसुद्धा कळला असता.

हे कान त्याला बापाकडून आले होते. निरवांगीचा भीमा धनगर सव्वाशे मेंढरं राखायचा आणि बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजवून ओव्या म्हणायचा. दिवस मावळताना कळप तळावर येऊन बसला की तो डोळे मिटून जरा वेळ ऐकायचा आणि म्हणायचा, "चांदी मेंढीचं कोकरू मागं राह्यलंय." बघायला जावं, तर राहिलेलं असायचं. पोरानं मेंढरं सोडली, पण कान सोडले नाहीत. लाकडाच्या वखारीत गेला की बिरू प्रत्येक फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करत बसायचा. वखारवाला वैतागून विचारायचा, "प्लायवूड घेतोयस का कलिंगड?"

खोक्याच्या आत आवाज घुमू नये म्हणून बाकीचे मिस्त्री फोम, कापूस, गादीतल्या चिंध्या, हाताला लागेल ते कोंबत. बिरू मेंढराची लोकर भरायचा. त्याची आई सारजा ती निरवांगीला धुऊन, पिंजून, उन्हात वाळवून पाठवायची. आणि शेवटचा स्क्रू पिळायच्या आधी बिरू त्या लोकरीवर चिमूटभर भंडारा टाकायचा. भंडारा म्हणजे बिरोबाची हळद. मेंढरू दुसऱ्याच्या कळपात धाडताना भीमा त्याच्या कपाळाला लावायचा. खोकं दुसऱ्याच्या घरी निघालं, त्यालाही तीच रीत. हे बिरू कुणाला सांगत नसे. सांगितलं असतं तर शहाण्यासुरत्या लोकांनी हसून त्याची रेवडी उडवली असती.

लासुर्ण्याचा दादासाहेब हा त्याचा मित्र. बागायतदाराची आणि मेंढक्याची मैत्री झाली कशी, असं लोक विचारत. त्याचं उत्तर सोपं होतं. उन्हाळ्यात भीमाची मेंढरं दादासाहेबाच्या वडिलांच्या रानात बसायला असत. लेंड्यांचं खत रानाला, त्याच्या बदल्यात धान्य धनगराला. दोन्ही घरची पोरं एका वयाची. एकाच्या पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी होता, आणि महिनाभरात एकेक चप्पल दोघांच्या पायात दिसायला लागली.

त्या घरात गावातला पहिला रेडिओ होता. एका दुपारी मोठी माणसं आडवी झालेली असताना दादानं तो कोनाड्यातून काढला आणि त्याच्या हातून पडला. वडील धावत आले. दादानं बिरूकडं बोट दाखवलं, आणि दाखवता दाखवता बिरूला हळूच डोळा मारला. बिरू गप्प राहिला. भीमानं सगळ्यांच्या देखत पोराला काठीनं फोडून काढलं, कारण रान त्यांचं होतं, धान्य त्यांचं होतं आणि रेडिओही त्यांचाच होता. संध्याकाळी दादा सदऱ्यात चार पेरू लपवून घेऊन आला. म्हणाला, "तू आपला हायस म्हणून तुझं नाव घेतलं. दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं तर त्यानं सांगून टाकलं असतं."

बिरूला हे ऐकून फार बरं वाटलं. पाठ सुजलेली होती आणि तरीही बरं वाटलं, हे मुद्दाम सांगायला पाहिजे. पेरू त्यानं बियांसकट खाल्ले. मोडका रेडिओ पुढं दादानं त्यालाच देऊन टाकला, आणि तो उघडून, जोडून, परत उघडून बिरू मिस्त्री झाला. ही गोष्ट तो गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचा. दादानं मार खाऊ घातला म्हणून पोटापाण्याला लागलो, असं म्हणायचा.

अठ्ठ्याण्णव साली दादासाहेबानं लासुर्ण्यात बंगला बांधला. तोवर त्याचं बरंच नाव झालं होतं. चार गावांत सत्काराला बोलावत, पंगतीत पहिलं ताट त्याच्यापुढं येई. चारचौघांत बिरू त्याला 'तुमी' म्हणायचा आणि दोघंच असले की 'तू'. बंगल्यात खाली मोठा हॉल होता, आणि त्या हॉलात त्याला होम थिएटर पाहिजे होतं. मोठा टीव्ही, सीडीवर सिनेमा आणि चारी बाजूंनी टॉकीजसारखा आवाज. हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते बारामतीच्या संभाजीरावांच्या घरी. संभाजीराव खतांचे मोठे व्यापारी, आणि दादासाहेबाची राजनंदिनी त्यांच्या मुलाला द्यायचं घाटत होतं. त्यांच्या दिवाणखान्यात छातीएवढे उंच दोन परदेशी टॉवर स्पीकर उभे होते. होणाऱ्या व्याह्याकडं छातीएवढे, मग आपल्याकडं निदान गळ्याएवढे नकोत?

दोघं जीपनं पुण्याला गेले. दुकान असं, की चपला बाहेर काढायच्या आणि आत थंडी वाजायची. बिरूनं खिशातून एक कॅसेट काढली. बापाच्या शेवटच्या जत्रेत त्यानं स्वतः भरलेली ओवी होती ती; पुढच्या वर्षी भीमा गेला. दुकानदारानं तोंड वाकडं केलं.

"या सेटवर असलं काही लावत नाही आम्ही."

"लावा की," दादासाहेब म्हणाला. "गिऱ्हाईक आमी हाय ना?"

तीन जोड्या ऐकल्या. पहिलीवर बिरू म्हणाला, "ढोल कानापाशीच वाजतोय, पोटात उतरंना." दुसरीवर म्हणाला, "आमचा बापू सर्दी झाल्यागत गातोय." तिसरी सगळ्यांत महाग होती. तिच्यापुढं तो बराच वेळ बसला. "ह्यात बापू हाय," तो म्हणाला, "पण लांब हाय." त्या तिसऱ्या जोडीची किंमत ऐकून दादासाहेबानं पाणी मागितलं.

परतताना जीपमध्ये दादासाहेब म्हणाला, "बिऱ्या, तूच बनीव की. अशी वस्तू बनीव, की संभाजीरावांनी इचारलं पायजे, कुठनं आणली म्हणून. म्या छातीवर हात मारून सांगीन, आमच्या बिरूनं केलीय."

बिरू खिडकीतून बाहेर उसाकडं बघत बसला. डोळे भरून आले होते आणि ते दाखवायचे नव्हते. वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या नावाची खोकी उघडत होता आणि दुरुस्त करून परत देत होता. त्याच्या हातच्या स्पीकरचं नाव चार मोठ्या माणसांत कुणी घेईल, असं त्याला कधी स्वप्नातही आलं नव्हतं. आता ते होणार होतं. बारामतीत पोचल्या पोचल्या तो आधी वखारीत गेला नाही. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडं गेला आणि पितळेच्या दोन बोटभर पाट्यांवर 'भीमा' असं कोरून घेतलं.

दोन महिने त्यानं दुसरं काम हातात धरलं नाही. जाड फळ्या, आतून आडव्या पट्ट्या, वरून शिसवी रंग. पुढं खालच्या अंगाला तळहाताएवढं गोल भोक, आतल्या हवेला जायला-यायला. लोकर घेऊन सारजा स्वतः एसटीनं आली. बरोबर भंडाऱ्याचं गाठोडं होतं. बिरू चिमटीनं टाकायला लागला, तशी म्हातारी खवळली.

"आपल्या दादाच्या घरला चाललंय आन् चिमटीनं टाकतोस व्हय रं? भिकाऱ्या!"

आणि तिनं दोन्ही खोक्यांत दोन दोन मुठी टाकल्या. भंडाऱ्यानं तिचे कोपरापर्यंतचे हात पिवळे झाले. बिरू हसला आणि त्यानं स्क्रू पिळले.

वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी टॉवर बंगल्यात आले. दादासाहेबाला ते कोपऱ्यात, पडद्यांच्या शेजारी शोभेला हवे होते. बिरूनं ते भिंतीपासून हातभर पुढं ओढले. गाठी मारलेल्या सुतळीनं अंतर धरलं. बापाची कॅसेट लावून सोफ्यावर बसायचं, ऐकायचं, उठून एक खोकं चार बोटं सरकवायचं, परत येऊन बसायचं. घरातली माणसं येता-जाता बघून हसत होती. शेवटी त्यानं डावा टॉवर बोटभर आत वळवला आणि बाप येऊन मधोमध उभा राहिला. दोन्ही बाजूंना दोन खोकी आणि मध्ये नुसती पांढरी भिंत. पण भीमाचा आवाज त्या भिंतीतून येत होता. ओवीच्या आधी घेतलेला दम, मधेच आलेला खोकला, ढोलावर फिरलेला हात, सगळं तिथं होतं. चहा घेऊन आलेली राजनंदिनी ट्रे धरून तशीच उभी राहिली.

"काका, हितं कोण उभं हाय?" तिनं हळूच विचारलं.

"माझा बाप," बिरू म्हणाला.

निघताना त्यानं दादासाहेबाला एकच गोष्ट बजावली. "आवाजाचं बटण निम्म्याच्या वर न्हेऊ नको. आतली लोकर अजून बसायची हाय." दादासाहेब हो हो म्हणाला. तो त्या वेळी आचाऱ्याशी बोलत होता.

पूजेच्या दिवशी सकाळी बिरू आईला घेऊन आला. अंगात नवा सदरा होता. दादासाहेबानं त्याला हॉलात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"बिरू, तेवढ्या पाट्या काढ."

"का?"

"संभाजीराव येतायत. काल त्यांच्याशी बोलता बोलता तोंडातनं निघून गेलं, जर्मनीचे हायत म्हणून. एक दिसाचा प्रश्न हाय. उद्या परत लाव."

"आन् तू सांगणार व्हतास ते?"

"सांगीन की! आधी सोयरीक तर जमू दे. राजनंदिनी तुझीबी पोरच हाय न्हवं?"

असं म्हणून दादासाहेबानं खिशातून दोन चकचकीत परदेशी बिल्ले काढून त्याच्या हातावर ठेवले. काल तोंडातून निघून गेलं म्हणणाऱ्या माणसाच्या खिशात आज सकाळी बिल्ले तयार कसे, हे बिरूनं विचारलं नाही. माणूस भोळा असावा, पण किती! त्यानं पाट्या काढल्या, सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि स्क्रूची भोकं झाकली जातील असे ते बिल्ले आपल्या हातानं चिकटवले.

प्रसाद झाला, जेवणं झाली आणि मंडळी हॉलात जमली. सोफ्यावर मधोमध संभाजीराव, अंगात पांढरा शुभ्र सफारी. बायका मागं उभ्या. सारजा दाराशी भिंतीला टेकून बसली होती आणि बिरू वायरींजवळ उभा होता. दादासाहेबानं सिनेमा लावला. आगगाडी या भिंतीतून शिरून त्या भिंतीतून बाहेर गेली आणि दोन म्हाताऱ्यांनी पाय वर घेतले.

"दादासाहेब, हे तर आमच्यापेक्षा भारी निघाले," संभाजीराव म्हणाले. "कुठले म्हणायचे?"

"जर्मनीचे. मुद्दाम मागवलेत."

"आन् हे पाव्हणे?" त्यांनी बिरूकडं मान वळवली.

"तो व्हय? तो आपला वायरमन. वायरी वढायला बोलीवलाय."

पाट्या काढायचं ठरलं होतं, नाव न घेण्याचंही ठरलं होतं. पण वायरमन व्हायचं ठरलं नव्हतं. बिरूनं खिशावर हात ठेवला. पाट्या हाताला लागल्या. एक दिवसाचा तर प्रश्न, असं त्यानं स्वतःला समजावलं.

कौतुकानं दादासाहेब मात्र फुगला होता. "थांबा, ढोल ऐकवतो," म्हणत त्यानं बिरूचीच कॅसेट लावली, कारण या खोक्यांवर सगळ्यांत सरस काय वाजतं हे त्यालाही माहीत होतं. आणि बटण फिरवलं ते पार शेवटपर्यंत.

भीमाचा पहिला ठोका छातीत बसला. दुसऱ्याला खिडक्यांच्या काचा वाजल्या. तिसऱ्या ठोक्याला डाव्या टॉवरच्या भोकातून पिवळा धुरळा भसकन बाहेर आला. मग उजव्यातून. मग प्रत्येक ठोक्याला दोन्हींतून. खिडकीतून आलेल्या उन्हात भंडारा उधळला, पांढऱ्या फरशीवर पसरला, संभाजीरावांच्या विजारीवर बसला, आणि त्यामागून लोकरीचे दोन-चार पुंजके तरंगत बाहेर पडले.

आता ढोल वाजतोय आणि भंडारा उधळतोय म्हटल्यावर धनगराच्या पोटी जन्मलेला माणूस काय करणार? पाळण्यात असल्यापासून बिरूनं तेच बघितलं होतं. त्याचे दोन्ही हात आपोआप वर गेले. दाराशी बसलेल्या म्हातारीचेही गेले. आणि मायलेक एका सुरात ओरडले, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

दादासाहेबानं टेप बंद केला. संभाजीरावांनी विजार झटकली, बोटाला लागलेली हळद बघितली, वास घेतला आणि म्हणाले, "दादासाहेब, जर्मनीत पण बिरोबा असतोय व्हय?"

सगळा हॉल खदाखदा हसला. फक्त दादासाहेब हसला नाही. त्याचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं, आणि मग तो बिरूकडं वळला.

"बिरू! काय केलंस हे?"

बिरू त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिला. आता डोळा मारील, असं त्याला खरंच वाटलं. चाळिशी गाठलेला माणूस तिथं उभा राहून दहा वर्षांच्या पोरासारखी डोळा मारायची वाट बघत होता.

"म्या पुण्यासनं आणून दिलेला जर्मन माल कुठाय?" दादासाहेब गरजला. "आतलं समदं काढून घिऊन मेंढराचे केस भरलेस? एवढा इस्वास टाकला तुझ्यावर, आन् तू माझ्याच घरात चोरी केलीस?"

डोळा मारला गेला नाही.

"आरं दादा," दाराशी सारजा धडपडत उठली, "भंडारा म्या टाकलाय रं! तुझं घर म्हणून टाकलाय—"

बिरूचा हात खिशात होता. बिल्ले खरवडून दोन पाट्या त्यांच्याखालच्या भोकांवर धरल्या असत्या तर काम झालं असतं. पण समोर राजनंदिनी पेढ्यांचं ताट धरून उभी होती आणि तिची नजर एकदा बापावर, एकदा बिरूवर जात होती. तिला सगळं कळलं होतं. आपण आता तोंड उघडलं तर हिची सोयरीक इथंच मोडते, एवढा हिशेब बिरूनं त्या क्षणात केला. त्यानं आईचा दंड धरला.

"चल आये," तो म्हणाला.

मागून कुणीतरी म्हणालं, "दिसतो कसा गरीब, आन् बघा!"

बिरू बारामतीला पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मिस्त्री आतला माल बदलतो, याच्याइतकं वाईट त्या धंद्यात दुसरं काही नाही. चोराला एक वेळ माफ करतात, पण उघडलेल्या खोक्यात काय गेलं आणि काय आलं हे ज्याच्या भरवशावर सोडायचं, तो भरवसाच गेला की सगळं गेलं. दुरुस्तीला आलेले टेप लोक न बघताच उचलून घेऊन गेले. लीलाबाई म्हणून एक म्हाताऱ्या शिक्षिका होत्या. त्यांचा रेडिओ बारा वर्षं बिरूकडंच यायचा. त्या आल्या, जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं बिरूभाऊ. माझ्या रेडिओतलं सगळं मूळचंच आहे ना?"

त्या दिवशी बिरूनं शटर ओढलं आणि आत लोकरीवर बसून तो हमसून हमसून रडला. बापाच्या मरणालाही तो एवढा रडला नव्हता.

दोन महिन्यांनी दादासाहेबाचा ड्रायव्हर आला. सोयरीक पक्की झाली होती आणि लग्न दिवाळीनंतर होतं. साहेबांनी बोलावलंय, उजव्या टॉवरमध्ये काहीतरी खडखडतंय, असं त्यानं सांगितलं. जाताना आणखी एक सांगून गेला. साहेबांनी सगळीकडं सांगितलंय, की दम देऊन बिरूकडून मूळचा जर्मन माल परत बसवून घेतला. म्हणजे खोकी तीच, आवाज तोच, बिल्ला जर्मनीचा, आणि चोर निरवांगीचा. दुसऱ्या दिवशी बिरू हत्यारांची पिशवी आणि एक रिकामं पोतं घेऊन लासुर्ण्याच्या एसटीत बसला.

हॉल रिकामा होता. टॉवर त्यानं ठेवले होते तिथंच, बोटभर आत वळवलेले. दादासाहेबानं खांद्यावर हात टाकला.

"बस बस. मनाला लावून घिऊ नको, बिरू. येळच तशी व्हती. दुसऱ्या कुणावर ढकललं असतं तर त्यानं तितंच समदं वकून टाकलं असतं. तू आपला हायस म्हणून तुझं नाव घेतलं." आणि त्यानं टीपॉयवरची बशी पुढं सरकवली. "खा. घरच्या बागंतले हायत."

बशीत चिरलेले पेरू होते.

बिरूनं त्यांच्याकडं बघितलं. दादासाहेबाला काही आठवलं असेल असं त्याच्या तोंडावरून दिसत नव्हतं. त्याच्या लेखी ती नुसती पेरूची बशी होती. बिरूनं पिशवी उघडली, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि टॉवरची पाठ खोलली. उजव्यात एक स्क्रू सैल झाला होता, तो पिळला. मग त्यानं दोन्ही हात आत घातले आणि लोकर बाहेर काढायला सुरुवात केली. एकेक पुंजका पोत्यात गेला. आधी उजव्यातली, मग डाव्यातली.

"साफ करतोयस व्हय?" दादासाहेबानं विचारलं.

"व्हय."

कोपऱ्यांत अडकलेली लोकरही त्यानं बोटं घालून काढली. पाठी परत लावल्या, सगळे स्क्रू नीट आवळले. टेपमधली कॅसेट काढून खिशात ठेवली. पोत्याचं तोंड बांधलं. दादासाहेबानं हौसेनं सिनेमा लावला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आरं, हा कसला आवाज? रिकाम्या पिपात बोलल्यागत वाटतंय."

"आता झाला तो जर्मनीचा, दादासाहेब," बिरू म्हणाला. "आमचं हुतं तेवढं आमी घेतलं."

तो पोतं खांद्यावर टाकून बाहेर पडला. फाटकापर्यंत मागून हाका आल्या, पण तो थांबला नाही. एसटीच्या थांब्यावर लिंबाखाली पोतं ठेवून बसला. बंगल्यातून अजून आवाज येत होता, पोकळ, घुमणारा. दादासाहेब बटण वर-खाली करून बघत असणार.

बरं वाटायला पाहिजे होतं. पण वाटत नव्हतं. खोकी पोकळ झाली म्हणून बारामतीतली त्याची अब्रू भरून येणार नव्हती. आणि त्याहून एक वाईट गोष्ट त्या लिंबाखाली त्याच्या लक्षात आली. दादानं त्याला चोर म्हटलं ते रागाच्या भरात नाही. बिरू बोलणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्या भरवशावरच तो बोलला. तीस वर्षांची मैत्री त्यानं नेमकी तिथं वापरली. आणि आजही बिरू बोलला नव्हताच. स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेला होता आणि गपचूप लोकर घेऊन आला होता.

एसटी आली. कंडक्टरनं पोत्याकडं बघून विचारलं, "काय हाय?"

"लोकर."

मांडीवर पोतं घेऊन तो खिडकीपाशी बसला. हात पिवळे झाले होते. रेडिओ पडला त्या दुपारी खाल्लेल्या काठीचं त्याला आजवर कधी काही वाटलं नव्हतं आणि अजूनही वाटत नव्हतं. बापानं मारलं, विषय संपला. ते चार पेरू तेवढे खायला नको होते.